यकृताचा सिऱ्होसिस : निदानानंतर काय?



'ज्या घरात दारूचा थेंबही आला नाही, तेथे हा रोग कसा?' सिऱ्होसिसचा रिपोर्ट हाती पडताच आपल्याकडे हाच प्रश्न प्रथम उठतो. पाठोपाठ लोकलज्जेने निदान लपविले जाते. मद्य हे या रोगाचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. हिपॅटायटिस बी व सी, तसेच मधुमेह आणि स्थूलतेबरोबर यकृतात साचणारी चरबी निर्व्यसनी शाकाहारी माणसालाही गाठते. (स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांनी १८१९ मध्ये हे नाव दिले, तेही यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून!)

वारंवार इजा झालेल्या यकृतात तंतू साचतात, ते कठीण व गाठाळ होते. रक्ताची वाट अडते; पोटात पाणी होते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात. तरीही निदान म्हणजे अंत नव्हे. मूळ कारण थांबविल्यास रोगाची गती रोखता येते. हिपॅटायटिस सी आज साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. बी आटोक्यात राहतो, आणि घरातील इतरांनी तपासणी करून लस घ्यावी. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

आता आपल्या आचाराशी निगडित नाजूक विषय. निरोगी यकृत रात्रीसाठी साखरेचा साठा राखून ठेवते. सिऱ्होसिसमध्ये हा साठा तुटपुंजा असतो, म्हणून एका रात्रीच्या उपाशीपणातही शरीर स्वतःचे स्नायू झिजवू लागते. यासाठीच झोपण्यापूर्वी थोडे खाण्याचा सल्ला दिला जातो. आयुष्यभर चौविहार पाळलेल्या वडीलधाऱ्यांना हे सांगताना डॉक्टरचीही जीभ अडखळते. परंतु प्रत्याख्यानाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत, आणि समाधी टिकविण्यासाठीचा आगार त्यांतलाच आहे. रिपोर्ट घेऊन गुरुमहाराजांकडे जावे, मोकळेपणाने विचारावे. व्रत सोडायचे नसेल, तर निदान सूर्यास्तापूर्वी पुरेसा आहार आणि नवकारशी होताच न्याहारी, एवढे तरी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. अठ्ठाई, मासखमण मात्र या रुग्णांनी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डाळ बंद करण्याची जुनी समजूतही सोडावी. मूग, दूध, पनीर हवेच. पापड, लोणचे, खाकऱ्यावरचे मीठ आवरावे. वेदनाशामक गोळ्या आणि कोणी सुचविलेली चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, ताप व पोटदुखी, दिवसा झोप-रात्री जाग किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.