जुन्या मोटारसायकलचं ऑइल

१९९४ साली आलेली हिरो होंडा स्प्लेंडर अजूनही कितीतरी दारांत उभी दिसते. तिचं इंजिन हवेवर थंड होतं. रेडिएटर नाही, कूलंट नाही. त्यामुळे वंगणाबरोबरच उष्णता वाहून नेण्याचं कामही ऑइललाच करावं लागतं.

या गाडीला १० डब्ल्यू ३० ऑइल चालतं. मात्र डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं हवं. कारण या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. चारचाकीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यांनी क्लच घसरतो आणि चढावर गाडी नुसतीच ओरडते.

कारसारखा बदलायचा ऑइल फिल्टर इथे नसतो. एक जाळी असते आणि क्रँकशाफ्टवर फिरणारा फिल्टर असतो. फिरण्याच्या जोराने कचरा कडेला चिकटून काळा थर साचतो. तो नुसतं ऑइल बदलून निघत नाही. मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्यावा. एअर फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका, बदला.

ऑइल तपासताना गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावा. ऑइल मोजायची काडी पुसून आत टाका, पण आटे फिरवू नका. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. आणि काढलेलं काळं ऑइल गटारात न ओतता गॅरेजमध्ये जमा करा.