भिंतीखालचा ठेवा



सूरह कहफमधील हजरत मूसा आणि अल्लाहचा तो ज्ञानी बंदा यांची हकीकत आपणांस ठाऊक आहेच. परंपरा त्या बंद्याला हजरत खिज्र म्हणते. याच घाटाची एक गोष्ट यहुदी लोकही सांगत आले आहेत. ट्युनिशियातील कैरवान येथे ११व्या शतकात होऊन गेलेल्या रब्बी निस्सीम यांच्या कथासंग्रहात ती आहे. हा ग्रंथ अरबी भाषेतला, आणि ‘संकटानंतरची सुटका’ असा त्याच्या नावाचा अर्थ.

रब्बी यहोशुवा हे प्रेषित एलियाहूंबरोबर, म्हणजे आपल्या हजरत इलियास यांच्याबरोबर, प्रवासाला निघतात. अट एकच : कारण विचारायचे नाही, विचारले की सोबत सुटली. पहिल्या रात्री एक गरीब जोडपे प्रेमाने आसरा देते. सकाळी एलियाहू दुआ करतात आणि त्या बिचाऱ्यांची एकुलती एक गाय मरते! पुढे एक धनाढ्य कंजूष पाणीसुद्धा विचारीत नाही. त्याची कोसळती भिंत मात्र एलियाहूंच्या दुआने उभी राहते. शेवटी रब्बींना राहवत नाही. तेव्हा उलगडा होतो. त्या दिवशी घरधनिणीचे मरण लिहिलेले होते, गाय तिच्या बदल्यात गेली. भिंतीखाली धन होते; पाया खणताना ते कंजुषाच्या हाती लागले असते. कुरआन शरीफमध्ये भिंत उभी राहते ती अनाथांचा ठेवा राखण्यासाठी, येथे तो लोभ्यापासून लपविण्यासाठी. हा फरक मला मोठा बोलका वाटतो.

मग दुःखी माणसाला ‘जे झाले ते भल्यासाठीच’ असे सांगावे काय? रब्बी नहूम स्वतःच्या प्रत्येक संकटात हेच म्हणत. त्यावरून त्यांना टोपणनावही पडले. पण स्वतःविषयी म्हणणे वेगळे, दुसऱ्याला ऐकविणे वेगळे. ज्याची मुले गेली त्याला हजरत अय्यूब यांच्या मित्रांसारखे बोल लावणे हा तलमूदच्या मते शब्दांनी केलेला जुलूम आहे. यहुदी धर्मशास्त्र वाईट वार्तेवरही ईश्वराचे स्तवन करायला सांगते खरे. मात्र स्तवनाचे शब्द वेगळे आहेत. चांगल्या वार्तेवर तो ‘भला आणि भले करणारा’, वाईट वार्तेवर ‘खरा न्यायाधीश’. दोन्हींसाठी एकच स्तवन असेल ते परलोकात. मुलाच्या मयतीला बसलेल्या बापाकडून ते आजच वदवून घेण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही.

आणि रब्बी अकिबा! ईश्वर करतो ते भल्यासाठीच, ही त्यांची शिकवण. त्यांना इ. स. १३५ च्या सुमारास रोमनांनी हालहाल करून मारले. तलमूदमध्ये एक प्रसंग असा आहे की, हजरत मूसांना अकिबांची विद्वत्ता आणि मग त्यांचा हा शेवट आगाऊ दाखविला गेला. एवढ्या ज्ञानाचे हेच का फळ, असे मूसांनी विचारले. तेव्हा त्यांना गप्प राहण्यास सांगण्यात आले.