समुद्र सरकारचा, पाटी कोणाची?

(किनारपट्टीवर काम करणाऱ्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय लांबलचक आहे: 'धक्के, मासेमारी आणि सार्वजनिक जमिनीसंबंधी इंग्रज राजवटीतील कायदे'. तोही जेवणानंतर. त्यामुळे कायद्यापासून सुरुवात न करता एका कागदापासून करते.

आमचं काम चालतं त्या कोळीवाड्यात गावाच्या दक्षिणेला एक मोकळी जागा आहे. तिथे बायका जवळा पसरतात, बांबू रोवून त्यावर बोंबील वाळत घालतात. दोन वर्षांपूर्वी कळलं की ती जागा हौशी पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का आणि गाड्या लावायला हवी आहे. बायका म्हणाल्या, ताई, कागद काढ. मी तलाठी कचेरीत गेले. जागेचा वरचा तुकडा 'सरकारी पड' निघाला. खालच्या, पाण्याकडच्या तुकड्याला तर नंबरच नव्हता. मी ते परत येऊन सांगितलं तेव्हा सत्तरीतल्या एका आजीने विचारलं, "पड म्हणजे काय गो?" मी म्हटलं, ज्यावर काही पिकत नाही ती. आजी हसली नाही. म्हणाली, "मग आमी काय करताव तिथं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दीडशे वर्षं मागे जावं लागलं.

मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा १८७९ सालचा. त्याच्या ३७ व्या कलमात सरकारची म्हणून एक यादी आहे: रस्ते, गल्ल्या, नद्या, नाले, तलाव, आणि भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा, खाड्यांचा तळ. शिवाय जी जमीन कुणा व्यक्तीच्या मालकीची नाही ती सगळी. म्हणजे आधी माणसाचा कागद बघायचा, कागद नसेल तर जमीन सरकारची. कुणाला हक्क सांगायचा असेल तर कलेक्टरने नोटीस काढून चौकशी करायची आणि निकाल द्यायचा. निकाल मान्य नसेल तर एका वर्षात दिवाणी दावा. आता विचार करा, ज्या काळात आपल्यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, त्या काळात चावडीवरची नोटीस कोणी वाचली असेल आणि दावा कोणी लावला असेल? स्वातंत्र्यानंतर १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतःचा महसूल कायदा झाला. त्यात हेच कलम २० व्या क्रमांकावर येऊन बसलं. आकडा बदलला, 'सरकार'चं 'राज्य शासन' झालं, आशय तोच.

भरती-ओहोटीच्या मधली जागा ही शेतकऱ्याच्या दृष्टीने काहीच नाही. पण मासळीवर जगणाऱ्या बाईचं सगळं काम नेमकं तिथे असतं. होडी तिथे लागते, मासळी तिथे उतरते, वाटे तिथे पडतात, निवडणं-सुकवणं तिथून जरा वर होतं. पुरुष समुद्रात जातो, आणि खुल्या समुद्रावर मासे मारण्याचा सर्वांचा हक्क त्या कायद्यांनीही मानला. बाई किनाऱ्यावर राहते, आणि किनारा सरकारचा झाला. ही विभागणी कुणी मुद्दाम बायकांच्या विरोधात केली असं मी म्हणत नाही. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना किनाऱ्यावरची बाई दिसलीच नाही, एवढंच.

आता धक्के. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर पूर्वी लहान लहान बंदरं होती, त्यातली कित्येक खासगी. भाऊचा धक्का हा शब्द आपण रोज वापरतो. तो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधला म्हणून भाऊचा. (आजचा धक्का मूळ जागी नाही. भराव पडत गेले तसा समुद्रच पुढे सरकवला गेला.) पुढे एल्फिन्स्टन कंपनीला किनाऱ्यावर भराव घालायचा अधिकार मिळाला. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि भराव घालणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, बॅकबे कंपनी बुडाली. एल्फिन्स्टन कंपनी मात्र उरली, आणि सगळा माल उतरवायची जागा एकाच कंपनीच्या हातात जाते म्हणून व्यापारी ओरडू लागले. तेव्हा सरकारने ती कंपनी विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. नंतर प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये, अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये.

ससून डॉक १८७५ चा. तो मासळीसाठी नव्हता, ससून कंपनीच्या कापसाच्या गाठींसाठी होता. काही वर्षांत तोही सरकारकडे गेला. आज तिथे पहाटे कोळणींची जी गर्दी उसळते ती बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण ती जागा त्यांच्यासाठी कुणी बांधलेली नाही.

या सगळ्या व्यवहारात व्यापाऱ्यांचं ऐकलं गेलं, कारण त्यांच्याकडे पैसा, अर्ज आणि वर्तमानपत्रं होती. कंपनीला मोबदला मिळाला, कारण तिच्याकडे करार होता. ज्यांच्याकडे फक्त वहिवाट होती त्यांचं काय? मांडवी, माझगाव, डोंगरी या भागांत कोळ्यांच्या वस्त्या होत्या. मांडवी या शब्दाचा अर्थच मुळी जकातघर. समुद्र पुढे सरकला आणि कोळीवाडे जमिनीच्या पोटात राहिले. मांडवी कोळीवाड्याच्या दारातून आज समुद्र दिसत नाही.

मुंबईबाहेरच्या लहान बंदरांसाठी १८८२ चा वेगळा कायदा होता, माल उतरवण्याबद्दल आणि धक्का वापरण्याबद्दल फी घेण्याचा. त्यावर मी रेंगाळत नाही. त्याच्या शेजारी मिठाचा कायदा ठेवा, तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. १८८२ मध्ये मिठावर मणामागे दोन रुपये कर होता, १८८८ मध्ये अडीच झाला. मासळी खारवायला मीठ लागतं आणि खारवण्याचं काम बायकांचं. कर परवडेना म्हणून मद्रास इलाख्यात आणि पुढे आपल्याही किनाऱ्यावर सरकारने मासे खारवण्याची आवारं काढली. तिथे मीठ सवलतीत, पण कुंपणाच्या आत, मीठखात्याच्या माणसाच्या नजरेखाली, आणि उरलेलं मीठ बाहेर न्यायचं नाही. अंगणात होणारं काम कचेरीत गेलं. बोंबील मात्र या कचाट्यातून सुटला. तो नुसत्या उन्हा-वाऱ्यावर वाळतो, त्याला मीठ लागत नाही. वाऱ्यावर कर बसवायचं कुणाला सुचलं नाही!

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं कलम. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा, आजही लागू आहे. त्याचं ४१० वं कलम म्हणतं की मंडईखेरीज दुसऱ्या कोणत्याही जागी आयुक्तांच्या परवान्याशिवाय मटण किंवा मासळी विकायची नाही. पुढे एक सूट आहे. समुद्रातून पकडून थेट किनाऱ्याला आणलेली ताजी मासळी त्याच होडीतून विकली, तर हे कलम लागू नाही.

पुन्हा एकदा ऐका. मासळी होडीत असेपर्यंत परवाना नको. तीच मासळी पाटीत आली, बाईच्या डोक्यावर चढली आणि गल्लीत शिरली की परवाना हवा. कायद्यात 'बाई' हा शब्द नाही, 'पुरुष' हाही नाही. आपण शिबिरांमध्ये म्हणतो ना, पुरुषसत्ता दरवेळी काठी घेऊन येत नाही. इथे ती होडी आणि पाटी यांच्या मधल्या चार पावलांत बसली आहे. गेली सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पाटी उचलून नेणाऱ्या गाडीचं मूळ हे आहे. २०१४ साली पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला, त्यात परंपरेने भरणाऱ्या बाजारांना मान्यता आहे, नगर विक्रेता समित्यांमध्ये बायकांना जागा आहेत. पण आपल्या किती गटांनी त्या समितीचं दार ठोठावलं? हात वर करा म्हटलं तर माझाही हात खाली राहील.

सगळंच वाईट होतं असं मात्र मी म्हणणार नाही. १८९७ च्या मासेमारी कायद्याने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष घालून मासे मारायला बंदी केली, सुरुंगाची बंदी तर किनाऱ्यापासून एक सागरी लीग अंतरापर्यंतच्या समुद्रातही. ही बंदी हवीच होती. त्याच कायद्यात सरकारला एका जागी रोवलेली जाळी, सापळे, जाळ्याचा आस यांबद्दल नियम करायचा अधिकार मिळाला. आपली डोल रोवलेलीच असते. कुणाची डोल कुठे लागणार हे गावं पिढ्यान्‌पिढ्या आपसात ठरवत आली, आता त्यावर नियम करायचा हक्क कागदावर दुसऱ्याकडे गेला. पण गावाच्या न्यायाबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. डोलीच्या जागा ठरवणाऱ्या बैठकीत तरी बायका कुठे होत्या? आमच्या वाड्यातल्या पंचांच्या बैठकीला बायका आजही ओट्याखाली उभ्या राहून ऐकतात. सरकारने बाईला वगळलं ते खरं, पण सरकारला गावाने दुरुस्त केलं नाही हेही तितकंच खरं.

आणि माझं स्वतःचं सांगते. समाजकार्याची पदवी घेताना मी एका कोळीवाड्याचं सर्वेक्षण केलं होतं. फॉर्मवर रकाना होता, 'कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय'. मी लिहीत गेले: मासेमारी, मासेमारी, मासेमारी. पत्नीच्या रकान्यात 'गृहिणी'. त्या बायका पहाटे तीनला उठून लिलावाला जात होत्या, हे मला माहीत होतं. त्यांच्याच घरचा चहा पीत मी ते लिहिलं. मला त्या फॉर्मबद्दल चांगले गुणही मिळाले. तेव्हा इंग्रज अंमलदाराला नावं ठेवताना माझा आवाज जरा खाली येतो.

घाटावरच्या मैत्रिणींना वाटत असेल, हा सगळा किनाऱ्याचा प्रश्न. तसं नाही. त्याच १८७९ च्या कायद्यात, ३८ व्या कलमाखाली, गावाच्या गुरांना चराईसाठी आणि इतर सार्वजनिक कामासाठी जमिनी राखून ठेवायची तरतूद होती. आपण ज्याला गायरान म्हणतो त्या राखीव जमिनीला कायद्याचा आधार असा आहे. मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांनी गायरानं कसली, दादासाहेब गायकवाडांच्या काळात १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. तिथेही प्रश्न हाच: कसते कोण, आणि नोंद कोणाच्या नावावर.

परत आमच्या वाळवणाच्या जागेकडे येते. त्या ३७ व्या कलमाचा मी आधी सांगितला नाही असा एक तुकडा आहे, कारण मीही तो उशिरा वाचला. या जमिनी सरकारच्या, पण त्यांवर कायद्याने चालत आलेले वहिवाटीचे आणि इतर हक्क, सार्वजनिक असोत वा व्यक्तीचे, त्यांना बाध न येता. २० व्या कलमातही हे शब्द आहेत. म्हणजे 'सरकारी पड' लिहिलं की विषय संपत नाही. वहिवाट दाखवता आली पाहिजे.

ती दाखवायची कशी, यावर आमच्या बायकांनी चार महिने घालवले. प्रत्येकीने आपली जागा काठीने आखली, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, सासूकडून आली की आईकडून, हे सांगितलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी नकाशा काढला. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मच्छीमार वस्त्यांच्या सामाईक जागा नकाशावर आणायला सांगितलं होतं, त्याचा आधार घेऊन तो नकाशा आम्ही कलेक्टर कचेरीत दिला. एकवीस बायकांची नावं आहेत त्यावर. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. धक्क्याचं काम सुरू झालेलं नाही, रद्दही झालेलं नाही.

तुमच्याकडे जुन्या बाजार-पावत्या, जकातीच्या चिठ्ठ्या, पालिकेच्या दंडाच्या पावत्या असतील तर फेकू नका. दंडाची पावतीसुद्धा चालते, ती बाई त्या दिवशी त्या जागी बसली होती याचा तो सरकारनेच दिलेला पुरावा असतो. पुढच्या बैठकीला येताना पिशवीत घालून आणा, आपण त्या तारखेप्रमाणे लावू.