महिन्याचा आकडा वाचताना

पुणे परिसरात घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी एकाच विषयावर बोलणार आहे. महिना सरला की दस्तनोंदणीचे आकडे येतात आणि लगेच आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गिऱ्हाइकांकडे जातात. ‘मार्केट चढलं, आत्ताच बुक करा’, नाहीतर ‘मार्केट बसलं, थांबा’. जन्माची पुंजी लावणाऱ्या माणसाला आपण हे सांगतो, म्हणून मला काळजी वाटते.

हा आकडा दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या कागदांचा आहे. घर पसंत पडतं, टोकन दिलं जातं, कर्ज मंजूर होतं आणि मग करारनामा नोंदला जातो. यात महिने जातात. शिवाय सही झाल्यावर नोंदणीला कायद्याने चार महिन्यांची मुदत आहे. २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा डिसेंबरात शुल्क भरलेले कितीतरी दस्त पुढच्या महिन्यांत नोंदले गेले. १ एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा एक टक्का अधिभार लागणार म्हटल्यावर मार्चमध्येच लोकांनी घाई केली. पुढची खरेदी अलीकडे ओढली गेली, एवढाच त्याचा अर्थ होता.

‘मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहू’, असं जाणकार म्हणतात. ते बरोबरच आहे, पण आपल्याकडे पुरेसं नाही. आपला गिऱ्हाईक पंचांग पाहून सही करतो. २०२२ मध्ये पितृपक्ष सप्टेंबरात संपला, दसरा ५ ऑक्टोबरला आला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि सगळे सण पुढे सरकले. पितृपक्ष १४ ऑक्टोबरपर्यंत चालला, दसरा २४ तारखेला आला, दिवाळी तर नोव्हेंबरात गेली. हे दोन ऑक्टोबर शेजारी ठेवून ‘मागणी घटली’ म्हणणाऱ्याने पंचांग उघडलेलंच नसतं. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र मोजा. मार्च-एप्रिलचंही तसंच. सरकारी रेडी रेकनरचे दर बदलले तर सहसा १ एप्रिलला बदलतात आणि गुढीपाडवा कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये.

सरासरी किमतीचा घोळ याहून मोठा. एखाद्या महिन्यात कोरेगाव पार्कातले मोठे फ्लॅट जास्त नोंदले गेले आणि वाघोलीतले वन बीएचके कमी, तर शहराची सरासरी वर जाते, आणि वाघोलीच्या घराचा भाव मात्र जागच्या जागी असतो. कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जातात, तेव्हा प्रत्येक सभासदाचा पर्यायी जागेचा करारनामा नोंदला जातो. दस्ताचा प्रकार न पाहता मोजलं, तर ही माणसंही नवे खरेदीदार ठरतात. प्रत्यक्षात ती आपल्याच घरात परत येणार असतात.

घर घेणाऱ्याचा प्रश्न साधा असतो. या भागात, एवढ्या कार्पेटचं घर, एवढं जुनं, आज कितीला जातंय? त्याचं बरंचसं उत्तर नोंदलेल्या दस्तांच्या सूची क्रमांक दोनमध्ये आहे. तिच्यात क्षेत्रफळ, मोबदला आणि तारीख असते, आणि ती कोणालाही पाहता येते. महारेराच्या नोंदणीनंतर आपण अधिकृत एजंट झालो. मग ही माहिती वाचून दाखवणं आपलंच काम नाही का?

म्हणून या अधिवेशनापुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येक विभागातल्या सभासदांनी आपल्या भागातले व्यवहार पहिली विक्री आणि पुनर्विक्री असे वेगळे करून, कार्पेटच्या गटांनुसार, तीन-तीन महिन्यांचे एकत्र नोंदवावेत. सरासरीऐवजी मधला भाव घ्यावा. ज्या गटात व्यवहार मोजकेच झाले, तिथे भाव न देता तसं स्पष्ट लिहावं. हा तक्ता विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही एकच दाखवावा. कामाची सुरुवात येत्या तिमाहीपासून व्हावी, आणि नोंदी तपासायला तीन जणांची समिती आजच, दुपारच्या सत्रात निवडावी, अशी माझी विनंती आहे.