शंभरात चार, शंभरात सहा



घरात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न, “डॉक्टर कोण?” मग मामेभावाच्या ओळखीचे एक, शेजारच्या काकांची बायपास केलेले दुसरे, अशी नावं निघतात. कुणाच्या हाताला यश आहे, ते आपण ऐकीव गोष्टींवर ठरवतो. त्याऐवजी प्रत्येक सर्जनच्या नावापुढे आकडाच छापून मिळाला तर?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात तसं झालं. तिथल्या आरोग्य खात्याने १९८९पासून बायपासच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवायला घेतली. आधी फक्त हॉस्पिटलांचे आकडे बाहेर आले. सर्जनांची नावं द्यायला खातं तयार नव्हतं; पण ‘न्यूजडे’ हे वर्तमानपत्र कोर्टात गेलं, जिंकलं, आणि डिसेंबर १९९१मध्ये नावानिशी यादी छापून आली.

आता ही यादी वाचायची कशी? समजा, दोन सर्जन आहेत. दोघांनी १००-१०० बायपास केल्या. पहिल्याचे ४ रुग्ण दगावले, दुसऱ्याचे ६. आपण अर्थातच पहिल्याकडे जाऊ. पण जरा केसपेपर उघडू. पहिल्याकडे ९० रुग्ण साधे, त्यांतले २ गेले. १० गंभीर, त्यांतलेही २ गेले. दुसऱ्याकडे ५० साधे, त्यांतला १ गेला; ५० गंभीर, त्यांतले ५ गेले. म्हणजे साध्या रुग्णांत दुसरा किंचित सरसच, आणि गंभीर रुग्णांत त्याच्याकडचं मृत्यूचं प्रमाण पहिल्याच्या निम्मं. तरी यादीत तो खाली! कारण अवघड केस त्याच्याकडे जास्त येतात.

न्यूयॉर्कच्या खात्याला हे ठाऊक होतं. म्हणून वय, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाची ताकद वगैरे धरून किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचं आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडायचा, अशी रीत त्यांनी ठेवली. रीत चांगलीच. पण रुग्ण किती गंभीर, हे फॉर्मवर लिहिणार कोण? हॉस्पिटलच. १९८९मध्ये सुमारे ७ टक्के रुग्णांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट विकार, असल्याची नोंद होती. १९९१पर्यंत ती १७ टक्क्यांवर गेली. आधी काही नोंदी राहून जात असतील, मान्य. पण सगळा फरक त्यानेच पडला, हे माझ्या तरी गळी उतरत नाही.

शिवाय नशीब आहेच. १०० सर्जन अगदी सारख्या कौशल्याचे, आणि त्यांच्या प्रत्येक रुग्णाला धोका २ टक्केच, असं धरा. प्रत्येकाने १०० ऑपरेशनं केली, तर साधारण १३ जणांच्या नावापुढे शून्य मृत्यू येतील आणि ५ जणांच्या नावापुढे ५ किंवा त्याहून जास्त. त्या तेरांच्या दारात रांग लागेल, आणि पाच बिचारे नातेवाइकांना तोंड देत बसतील! म्हणून अशा तक्त्यात आकड्याशेजारी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्लाही छापतात. दोघांचे पल्ले बरेचसे एकमेकांत मिसळत असतील, तर पहिला-दुसरा नंबर लावण्यात काही अर्थ नाही. वर्तमानपत्रांना मात्र नंबरच हवा असतो.

मग या आकड्यांचा उपयोग काय? त्याच राज्यातल्या ऑल्बनी शहरात सेंट पीटर्स हॉस्पिटलचा आकडा वाईट आला. केसपेपर तपासले, तेव्हा दिसलं की बाकीच्या ऑपरेशनांत काही बिघडलेलं नाही. मृत्यू होताहेत ते तातडीच्या रुग्णांत. १९९२मध्ये अशा ४२ रुग्णांपैकी ११ दगावले होते. अत्यवस्थ रुग्णाला पुरेसं सावरू न देताच टेबलावर घेतलं जात होतं. आधी रुग्णाची प्रकृती स्थिर करायची, मग ऑपरेशन, असं ठरलं. १९९३मध्ये तातडीच्या ५४ रुग्णांपैकी एकही दगावला नाही. ५४ हाही आकडा लहानच. पण ४२ पैकी ११ वरून एकदम शून्य, हा निव्वळ नशिबाचा खेळ असणं फार अवघड आहे.