हा आजचा विषय नाही

आकाशवाणीच्या केंद्रांवरचे फोन-इन कार्यक्रम तुमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. स्टुडिओत एखादे डॉक्टर किंवा कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ, शेजारी निवेदक आणि फोनवर तुम्ही. ‘नमस्कार, कोण बोलतंय? कुठून?’ आणि लगेच, ‘आधी तुमच्या रेडिओचा आवाज बारीक करा बरं.’ समजा, सांगोल्याकडचा एक डाळिंबवाला विचारतो, बागेत तेल्या आलाय, काय फवारू? तज्ज्ञ औषध सांगतात, लिटरला किती ग्रॅम तेही सांगतात. त्यावर तो म्हणतो, ‘फवारतो की साहेब, पण आमची विजेची डीपी जळून आठ दिवस झाले, मोटार बंद आहे, फवाऱ्याला पाणी आणू कुठनं?’ इथे निवेदक अदबीने म्हणतो, ‘हा आजचा विषय नाही,’ आणि पुढचा फोन घेतो. माझे म्हणणे आहे ते या वाक्याबद्दल. फोन-इनमध्ये श्रोत्याला विचारायची मुभा आहे, सांगायची नाही. आणि तालुक्यात काय चालले आहे हा प्रश्न असेल, तर सांगण्यासारखे जास्त काही तज्ज्ञापाशी नसते, श्रोत्यापाशीच असते.

यात निवेदकाला दोष देण्यात अर्थ नाही. आकाशवाणीला बातम्यांची मनाई नाही, पण केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने केलेली टीका तिच्या आचारसंहितेला चालत नाही. जळालेली डीपी ही टीका की माहिती, हे ठरवण्याच्या फंदात मग कोण पडतो? खासगी एफएम वाहिन्यांचा प्रकार आणखी गमतीचा आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्या वर्ज्यच. २०११ च्या धोरणाने खासगी एफएमसाठी काही गोष्टी बातम्यांतून वगळल्या: वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल आणि वीज-पाण्यासारख्या नागरी सोयींच्या सूचना. मात्र या सूचना स्थानिक प्रशासनाकडून आलेल्या हव्यात. म्हणजे ‘उद्या अमुक पेठेत पाणी येणार नाही’ असे पालिकेने कळवले तर ते सांगता येते. ‘आमच्याकडे काल यायचे होते, आलेच नाही’ असे पेठेतल्या बाईने कळवले, की नियमाच्या अक्षरानुसार ती बातमी होऊ लागते. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. मालमत्ता सार्वजनिक आणि तिच्यावरून बोलणारे मात्र ठरावीक, ही स्थिती त्यानंतरही फारशी हललेली नाही. २०२३ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्यांसाठी द्यावीत, अशी शिफारस केली. शिफारस चांगली आहे, पण दहा मिनिटांत बातम्या वाचून होतील. फोन कधी घ्यायचे?

श्रोत्याला बोलू दिल्याने काय होते, याचा पुरावा शोधायला परदेशात जावे लागत नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. गावोगाव माणसांची मंडळे केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्यांनी कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसात बोलायचे आणि शंका, अनुभव पुणे केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात. घरोघरी फोन नव्हते, त्यामुळे हे फोन-इन टपालाने चाले, एवढाच फरक. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओभोवती मंडळ असलेली गावे त्यांनी ताडून पाहिली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती कितीतरी अधिक वाढलेली आढळली. काही गावांनी चर्चेतून विहिरी खोदायला घेतल्या, कुठे बालवाडी निघाली. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक होता तो ऐकणाऱ्याला बोलायची जागा मिळाल्याचा.

यावर पहिला आक्षेप अफवांचा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोणीही उठून हवेत काहीही सोडील, त्याची जबाबदारी कोणाची? पण अफवा आज कुठून फिरतात ते पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरत होत्या. तिथे ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का? कधी? कुठल्या गावात?’ असे विचारणारे मध्ये कोणी नव्हते. फोन-इनमध्ये तसा माणूस असतो. फोन आधी दुसऱ्या खोलीत घेतला जातो, नाव-गाव विचारले जाते, प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवून आक्षेपार्ह वाक्य कापता येते, आणि मुख्य म्हणजे पोलीस ठाण्याला त्याच कार्यक्रमात फोन लावून खरेखोटे करता येते. अफवेला सगळ्यात जड जातो तो उलटा प्रश्न, आणि व्हॉट्सॲपच्या गटात तो विचारायला कोणी बसवलेले नसते. राजकीय पक्ष आपली माणसे फोनवर बसवतील, असेही म्हणतात. बसवतीलच. पण विषय ‘सरकार कसे आहे’ असा न ठेवता ‘तुमच्या गावची सकाळची एसटी या आठवड्यात किती वेळा आली’ असा ठेवला, तर पक्षाच्या माणसालाही पडताळून पाहता येईल असेच काहीतरी सांगावे लागते. खोटे सांगितले तर त्याच गावचा दुसरा फोन येतोच!

मला खरोखर अडचणीचा वाटतो तो तिसरा आक्षेप: फोन करणारे तेच ते असतात. हे खरे आहे. ज्यांना बोलायची सवय आहे, ज्यांना सवड आहे आणि बहुधा जे पुरुष आहेत, त्यांचाच फोन लागतो. त्यांच्या बोलण्यालाच तालुक्याचे मत समजले, तर फसगत होईल. पण यातले पुष्कळसे आपणच घडवलेले असते. संध्याकाळी सातला, तव्यावर भाकरी असताना, कोणती बाई फोन लावत बसणार? साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग ही सामुदायिक वाहिनी बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने उभी केली. केंद्र कोण चालवते आणि कोणासाठी, यावर आवाज कोणाचे येणार हे बरेचसे ठरते. तेव्हा वेळ दुपारची ठेवावी, फोन घ्यायला बाई असावी, बोलीवरून कोणाला दुरुस्त करू नये. ज्यांच्याकडे रिचार्ज नाही त्यांनी मिस्ड कॉल द्यावा आणि केंद्राने उलटा फोन करावा. तक्रार आली, की नाव, गाव, तारीख वहीत उतरवून घ्यावी आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला तज्ज्ञाच्या खुर्चीवर वीज कंपनीच्या उपअभियंत्याला बोलवावे, ती वही समोर ठेवून.