शाहिराचे भावजीवन आणि सामाजिक जाणीव

कलावंताचे भावजीवन निराळे आणि त्याची सामाजिक जाणीव निराळी, असा समज पुष्कळदा आढळतो. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड ऐकली म्हणजे तो टिकत नाही.

वाटेगाव सोडून मुंबईत आलेल्या व गिरणीत राबलेल्या अण्णाभाऊंनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. त्यांचा श्रोता मुख्यतः कामगार. एका खोलीत अनेकांनी राहावयाचे आणि कारभारीण गावी! छक्कडीचा आरंभ या विरहानेच होतो. लावणीच्या रसिकालाही ती आपली वाटावी. पुढे मैनेची ताटातूट आणि खंडित महाराष्ट्राची ताटातूट एकरूप होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात. विरह आधी भोगलेला होता, म्हणूनच ती राजकीय मागणी श्रोत्याला स्वतःच्या घरची वाटली. योजनांच्या प्रचारासाठी गाणी लिहवून घेताना हा क्रम बहुधा उलटतो. कलमे आधी ठरतात, माणूस मागाहून शोधला जातो. अशी गाणी कार्यक्रमासोबतच संपतात.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. छक्कडीतील ती चारही नावे राज्याबाहेरच राहिली.